थरांवरचा तोल

अंधेरी तालुक्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची लेखणी बहुधा तीन ठिकाणी थांबते : जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातील शैव लेण्यापाशी, कोंडिवट्याच्या महाकाली लेण्यांपाशी, आणि ज्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे त्या गिल्बर्ट टेकडीच्या काळ्या कातळापाशी. दगड जागचा हलत नाही, त्याची मोजमापे सरकारी दप्तरात सापडतात, आणि म्हणूनच की काय, त्याच्याविषयी लिहिणे इतिहासकाराला सोयीचे जाते. परंतु जिचे सारे वैभव हलण्यात आणि हलता हलता न पडण्यात आहे, जी वर्षातून एका दिवशी चार-दोन मिनिटे लोकांच्या दृष्टीस पडते आणि पुन्हा माणसांच्या अंगात विरून जाते, अशा विद्येची नोंद या तालुक्याच्या कोणत्याही कैफियतीत आढळत नाही. दहीहंडीच्या थरांवर उभे राहण्याची ही विद्या होय. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावले, त्यांची उंची ४३.७९ फूट भरली आणि गिनेस बुकाने तिची दखल घेतली. पुढे २०२५ साली त्याच जोगेश्वरीच्या कोकणनगर पथकाने ठाण्यातच दहा थर लावले, आणि त्याच दिवशी जय जवान पथकानेही दहा थरांचा पराक्रम करून दाखवला.

उंचीचे हे आकडे वर्तमानपत्रांनी पुष्कळ छापले. मला त्यांहून अधिक नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. मनुष्याला उभे राहता यावे म्हणून निसर्गाने जी साधने त्याच्या स्वाधीन केली आहेत, त्यांतील जवळजवळ प्रत्येक साधन थर लागत असताना त्याच्याकडून हिरावून घेतलेले असते. डोळ्यांवर टँकरच्या नळीतून पाण्याचे फवारे येत असतात, कानांत ध्वनिक्षेपकांचा गदारोळ चाललेला असतो, आणि पायाखाली जमिनीच्या जागी एक ओला, श्वासाबरोबर खालीवर होणारा मानवी खांदा असतो. अशा स्थितीत सहाव्या-सातव्या थरावरचा पोरगा उभा राहतो तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे, असे माझे मत आहे.

आपण ‘स्वस्थ उभे राहणे’ म्हणतो त्यात वस्तुतः स्वास्थ्य मुळीच नसते. उभा मनुष्य क्षणोक्षणी किंचित पुढेमागे झुकत असतो, आणि घोटा, गुडघा व कंबर यांचे स्नायू त्याला प्रत्येक वेळी सावरून आणीत असतात. हे सावरणे कोणत्या दिशेने व किती करावयाचे, याची वर्दी मेंदूकडे तीन खात्यांतून येते. पहिले खाते डोळ्यांचे. दुसरे अंतर्कर्णाचे : तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका मस्तकाचे वळणे टिपतात, आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या मस्तकाचा कल व सरळ रेषेतील गती टिपतात. तिसरे खाते तळपायाची त्वचा, स्नायू आणि सांधे यांचे. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली शरीराच्या या अंतःस्थ जाणिवेला स्वतंत्र नाव देऊन तिची प्रतिष्ठा वाढवली. उजेडाच्या जागी, घट्ट जमिनीवर निरोगी मनुष्य उभा असता या तिसऱ्या खात्यावर मेंदूची भिस्त सर्वांत मोठी, म्हणजे सुमारे ७० टक्के असते. अंतर्कर्णाचा वाटा सुमारे २० टक्के आणि डोळ्यांचा अवघा १० टक्के, असा हिशेब पीटर्का या अमेरिकी संशोधकाच्या २००२ सालच्या प्रयोगांवरून मांडला जातो. जमीन मऊ किंवा हलती झाली की पायांकडून येणारी वर्दी बेभरवशाची ठरते आणि मेंदू आपला विश्वास तिच्यावरून काढून इतर दोन खात्यांवर टाकतो. हा विश्वास किती लवकर आणि किती अचूक हलवता येतो, यावरच प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित शरीरांतील अंतर ठरते.

एकेक खाते बंद करून माणसाची परीक्षा घेण्याची युक्ती वैद्यकाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुचली. बर्लिनचे वैद्य रोमबर्ग यांच्या ध्यानी असे आले की, मज्जारज्जूच्या विशिष्ट विकाराने ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे, असे रोगी डोळे उघडे असेतो नीट उभे राहतात, पण डोळे मिटताच झोकांड्या खाऊ लागतात. डोळे मिटून उभे करण्याची ही तपासणी आजही त्यांच्याच नावाने रुग्णालयांत चालते. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॅशनर या अमेरिकी अभियंत्याने माणसाच्या झुकण्याबरोबर स्वतःही झुकणारी फळी आणि तसाच झुकणारा पडदा असलेले यंत्र तयार केले. त्यामुळे डोळे आणि पाय यांना केवळ बंद करणेच शक्य झाले असे नव्हे, त्यांच्याकडून खोटी वर्दी देवविणेही शक्य झाले. एडिंबऱ्याचे डेव्हिड ली यांनी तर खोलीच्या भिंतीच सरकवून पाहिल्या : जमीन जागच्या जागी असूनही, नुकतीच उभी राहू लागलेली बालके भिंत सरकली की खाली बसत किंवा पडत. थरांवरच्या गोविंदाची अवस्था हुबेहूब हीच असते. त्याला दिसणारी दुनिया म्हणजे समोरच्या सोबत्याचा चेहरा आणि खांदे, आणि तीही झुलत असते. डोळा येथे आंधळा होतो तेव्हा बरा; उघडा असतो तेव्हाच तो अधिक फसवतो. नॅशनरच्या यंत्रावरील साऱ्या परीक्षा मुंबईच्या रस्त्यावर गोपाळकाल्याच्या दिवशी एकाच वेळी आणि विनामूल्य होतात म्हणावयाचे!

परंतु इंद्रियांना मुद्दाम अडथळा करून तोल शिकवण्याची कल्पना या यंत्रांहून आमच्याकडे पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे घर म्हणजे मल्लखांब. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या खांबावरील मेहनतीचा उल्लेख सापडतो. त्यानंतरची कित्येक शतके या विद्येचा माग लागत नाही, आणि ती पुन्हा प्रकट होते ती दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात, बाळंभटदादा देवधर यांच्या रूपाने. निजामाच्या मुलुखातून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. कोवळ्या वयाच्या बाळंभटाने मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीपाशी अनुष्ठान केले, तेथे वानरांच्या झाडावरील लीला पाहून त्याला खांबावरच्या मेहनतीचा साक्षात्कार झाला आणि परत येऊन त्याने अलीला चीत केले, अशी कथा गुरुपरंपरेने सांगितली जाते. कथेतील दैवी भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. इतिहासाला त्यातून एवढे निश्चित मिळते की मल्लखांब ही मुळात स्वतंत्र कसरत नव्हती. कुस्तीगिराच्या अंगी चपळाई, पकड आणि तोल यावा म्हणून योजलेला तो मुका प्रतिस्पर्धी होता. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला, आणि त्याच्याबरोबर ही विद्याही गंगेच्या काठी गेली. तेथून ती काशीस पोहोचली, बडोद्यास जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य माणिकराव यांच्या आखाड्यात रुजली, आणि १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीस स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली तिची प्रात्यक्षिके थेट बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी करून दाखवली.

या विद्येचे प्रकार नीट पाहिले असता त्यांमागे एक शिस्तबद्ध विचार दिसतो. जमिनीत पुरलेला मल्लखांब हा पहिला पाठ. त्याचे अंग खाली जाड आणि वर निमुळते, त्यावर बारीक मान आणि सर्वांत वर बोंड. त्याला एरंडेल चोळलेले असते. तेलाने अंग सोलवटत नाही हे खरे, पण त्याचबरोबर केवळ घर्षणाच्या बळावर चिकटून राहण्याची सोयही ते काढून घेते. अढी कोठे बसली, मांडीचा दाब किती पडला, हे त्वचेलाच वाचावे लागते. दुसरा पाठ टांगत्या मल्लखांबाचा. येथे खांब साखळीने अधांतरी लोंबतो, मुलगा त्याच्यावर चढताच तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो, आणि डोळ्यांसमोरची व्यायामशाळा गरगर वळू लागते. म्हणजे डोळा आणि अंतर्कर्ण या दोघांनाही एकदम घेरले. पूर्वीच्या वेताच्या मल्लखांबाची जागा पुढे सुती दोराने घेतली, आणि त्यात तर आधार म्हणून घट्ट काही उरतच नाही. निराधार मल्लखांबात खांब पाटावर आणि पाट काचेच्या बाटल्यांवर ठेवतात, जेणेकरून पायाखालची, म्हणजे येथे खांबाखालची, जमीनच संशयास्पद व्हावी. आणि शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून करावयाचा मल्लखांब. ज्या वस्तादांनी ही पायरी लावून दिली त्यांना अंतर्कर्णातील नलिकांची नावे ठाऊक नव्हती, शेरिंग्टन तर त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी आला. पण शिष्याचे एकेक इंद्रिय काढून घ्यावे आणि उरलेल्यांना कामास लावावे, हे सूत्र त्यांना पुरते उमगले होते.

या सूत्राची कसोटी दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात लागली. १९२५ साली काळे गुरुजींनी स्थापन केलेल्या या संस्थेत उदय देशपांडे यांनी अंध मुलामुलींना मल्लखांब शिकवला, आणि पुढे २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिकवताना ‘असे कर’ म्हणून दाखवण्याचा मार्गच खुंटलेला असतो; शिक्षकाने मुलीचा हात धरून दोराभोवती फिरवावयाचा, पायाचा अंगठा दोर कोठे पकडतो ते बोटांनी चाचपू द्यावयाचे, आणि मग बाजूला व्हावयाचे. प्रेक्षक अशा वेळी हळहळतात किंवा चमत्कार म्हणून टाळ्या वाजवतात. मला दोन्ही अप्रस्तुत वाटतात. तोलाचे मुख्य दप्तर तळपायात, मांडीत आणि सांध्यांत असते, आणि त्या दप्तराचे कामकाज डोळ्यांवाचून चालू शकते, याचा तो रोखठोक पुरावा आहे.

प्रयोगशाळेनेही अलीकडे याच दिशेने कौल दिला आहे. फ्रान्समध्ये व्हियेर्म आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली जिम्नॅस्ट आणि इतर खेळांतील तरबेज खेळाडू यांची तुलना केली, तेव्हा दोन पायांवर उभे असता दोघांत काही फरक दिसेना. एका पायावर उभे करून डोळे मिटवले तेव्हा मात्र जिम्नॅस्ट कमी डळमळले. घोट्याच्या स्नायुबंधांना कंप देऊन पायांची जाणीव बिघडवली आणि मग तो कंप थांबवला, तर पूर्ववत होणारी जाणीव जिम्नॅस्टांनी अधिक लवकर कामी लावली. दुसरे एक संशोधन याहून बोलके आहे. फ्रान्समधीलच पेरँ यांनी २००२ साली ज्यूदोचे खेळाडू आणि बॅले नर्तकी यांना पारखले. डोळे उघडे असता दोघेही सामान्य लोकांहून सरस ठरले, पण डोळे मिटताच नर्तकींची सरशी ओसरली आणि ज्यूदोवाल्यांची टिकली. आमच्या तांबड्या मातीतील कुस्ती ज्याने जवळून पाहिली आहे त्याला याचे आश्चर्य वाटू नये. गळ्यात गळा घालून दोन पहिलवान खडाखडीला लागतात तेव्हा त्यांचे डोळे एकमेकांच्या खांद्यामागच्या मातीकडे लागलेले असतात. प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर गेला हे मानेवरच्या हाताला समजते. आरशासमोर घडलेला तोल आरशाबरोबरच जातो, आणि अंगाला अंग लावून घडलेला तोल अंगात राहतो.

आता उपनगराकडे वळू. गोपाळकाला हा कोकणातला जुना सण. गिरण्या आणि गोद्यांत पोट भरण्यासाठी आलेल्या चाकरमान्यांनी तो गिरगाव, लालबाग, माझगावच्या चाळींत आणला, तेव्हा हंडी चाळीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बांधलेली असे आणि चार थरांत काम भागे. पुढे शहरात जागा पुरेना आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याही राहिल्या नाहीत, तसतशी ही वस्ती रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेस सरकली. जोगेश्वरीच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या उतारावर जी नगरे उभी राहिली त्यांतील एकाचे कोकणनगर हे नाव या स्थलांतराची साक्ष देते. पुढाऱ्यांनी हंड्यांना बक्षिसांच्या रकमा लावल्या, रकमांनी उंची वाढवली, आणि उंचीने सणाचे रूपांतर क्रीडेत केले. या तालुक्यात महापालिकेच्या आश्रयाने १९८८ साली उघडलेले शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे, शेजारी पार्ल्यात मल्लखांबासाठी नावाजलेली पार्लेश्वर व्यायामशाळा आहे. पण थरांची शाळा भरते ती गल्लीत, शाळेच्या पटांगणात, जेथे दिव्याचा खांब आणि थोडी मोकळी जागा असेल तेथे. बहुतेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेस नारळ फोडून सुरू होतो आणि श्रावण वद्य नवमीपर्यंत रात्री चालतो.

तो सराव जवळून पाहिला म्हणजे वरचे सारे शास्त्र डोळ्यांपुढे येते. खालचा पहिला थर म्हणजे माना खाली घातलेल्या, छातीला छाती भिडवलेल्या माणसांची दाटी. त्यांतल्या एकालाही वर काय चालले आहे हे दिसत नाही, आणि वर पाहण्याची सक्त मनाई असते, कारण मान वर झाली की खांद्याचा उतार बदलतो आणि त्यावरचा पाय घसरतो. त्यांना थराची वाढ कळते ती खांद्यावर चढत जाणाऱ्या वजनातून. वरच्या थरांत तिघे-चौघे गोलाकार उभे राहून एकमेकांच्या खांद्यांवर हात गुंफतात. पाय अनवाणी, टाच खांद्याच्या मांसल भागावर, बोटे आत वळून गळपट्टीच्या हाडाचा अंदाज घेणारी, गुडघे किंचित सैल. जेका आणि लॅकनर यांनी १९९४ साली दाखवून दिले की डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाने स्थिर वस्तूला नुसते एक बोट, शंभर ग्रॅमपेक्षाही कमी भाराने, टेकवले तरी त्याचे झुलणे लक्षणीय कमी होते. बोट येथे टेकू देत नाही, खबर देते. थरांमध्ये ज्याला हात लावावयाचा तो सोबतीही झुलतच असतो, हा मोठा पेच आहे, आणि त्याचा तोडगा पथके एकाच मार्गाने काढतात : तीच माणसे, त्याच जागी, त्याच शेजाऱ्यासह महिनाभर उभी करावयाची, म्हणजे शेजाऱ्याचा झोक हाताला पाठ होतो. ऐनवेळी एखादा तगडा पण अनोळखी गडी मध्ये घेतला तर थर कोसळण्याचा धोका वाढतो, तो याच कारणाने. सर्वांत वर चढणारा एक्का वजनाने हलका असतो, पण सलामी देण्यासाठी हात मोकळा करतो तेव्हा हाताची खबरही तो सोडून देतो, आणि त्या क्षणी त्याच्याजवळ उरतात फक्त दोन तळपाय आणि अंतर्कर्ण.

या ठिकाणी कानाचा दुसरा उपयोग पुढे येतो. स्पेनमधील कातालोनिया प्रांतात, तारागोनाजवळच्या व्हाल्स गावी, बाळंभटदादांच्याच काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस मानवी मनोरे रचण्याची प्रथा रूढ झाली, आणि २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. तेथे मनोरा चढू लागला की ग्राल्या नावाची सनईसारखी वाद्ये एक ठरलेली धून वाजवतात. बुडाशी दाटीत माना घातलेल्यांना काही दिसत नसले तरी धुनेच्या टप्प्यावरून मनोरा कोठवर पोहोचला हे समजते आणि ते त्याप्रमाणे श्वास व जोर धरून ठेवतात. बाकीचा जमाव त्या वेळी शांत राहतो. आमच्या पथकांतही हे काम करणारा प्रशिक्षक असतो. शिटीवर आणि हाकांवर तो थर चढवतो, सावरतो, उतरवतो. सरावाच्या रात्री ती हाक स्वच्छ ऐकू येते. गोपाळकाल्याच्या दिवशी मात्र आयोजकांचे ध्वनिक्षेपक ती गिळून टाकतात, आणि ज्यांचे डोळे आधीच कामातून गेले आहेत त्यांचे कानही आपण काढून घेतो. वस्ताद शिष्याचे डोळे बांधतो तेव्हा त्यामागे योजना असते, खाली गादी असते आणि पट्टी केव्हा सोडावी याचा विवेक असतो. रस्त्यावरच्या गोंगाटात यांपैकी काहीच नसते.

न्यायालयांनी या प्रश्नाला हात घातला तो उंचीच्या आणि वयाच्या बाजूने. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ते कायम केले. २०१७ साली उच्च न्यायालयाने उंचीचा निर्णय विधिमंडळाकडे सोपवला आणि १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही ही शासनाची हमी मान्य केली. २०२२ साली शासनाने दहीहंडीला साहसी क्रीडेचा दर्जा देण्याचे जाहीर केले. हुकूम आवश्यकच होते, कारण दरवर्षी हाडे मोडतात आणि काही घरांतला मुलगा परत येत नाही. पण फूटपट्टीने मोजता येते तेवढ्याचीच तामील सोपी असते, म्हणून फुटांवर सारा वाद झाला. थर उभा असता त्याच्या डोळ्यांत पाणी आणि कानांत गोंगाट कोण ओततो, हे कोणी फारसे विचारले नाही.

म्हणून हंडी बांधणाऱ्या मंडळांना, आणि विशेषतः ज्यांच्या दारी जोगेश्वरीची पथके येतात त्यांना, एकच विनंती आहे. प्रशिक्षकाची पहिली शिटी झाली की शेवटचा गडी जमिनीवर उतरेपर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवा आणि पाण्याची नळी खाली करा. सणाचा उत्साह तेवढ्याने कमी होणार नाही, त्या चार-पाच मिनिटांनंतर हवे तितके वाजवा.